स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून:

"मी एका नागरी सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत अधिकारी आहे. वय एक्केचाळीस. शाखेत आम्ही अकराजण, त्यात चौघी बायका. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेली सहकारी बाळंतपणाची रजा संपवून जूनमध्ये परत आली. रजेतही बदली माणूस मिळाला नाही, तिचं काम मीच उचललं. साडेपाच वाजले की ती निघते. मग उरलेलं पासिंग म्हणजे व्यवहार मंजूर करणं, व्हाउचरची तपासणी, डे-एंड म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, सगळं माझ्या गळ्यात. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तिच्याकडे. दोनदा तर तिने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, 'ताई, तेवढं बंद करून घ्याल का?' म्हणाली आणि गेली. मी घेतलं. मला २०१० मध्ये मुलगी झाली, तेव्हा मी बारा आठवड्यांत कामावर हजर होते. मला कोणी सवलत दिली नाही.

मागच्या महिन्यात प्रादेशिक व्यवस्थापक आले होते. तिने त्यांच्यापुढे बचत गटांच्या कर्जाची योजना मांडली. ती मी तिला जेवणाच्या सुट्टीत सांगितलेली. म्हणाली, 'आम्ही असं ठरवलंय, की गटाची बैठक असेल त्या दिवशी आपला माणूस गावात पाठवायचा.' माझं नावही घेतलं नाही. तेव्हापासून आम्ही कामापुरतंसुद्धा धड बोलत नाही. सकाळी दोघी किल्ल्या लावतो आणि आपापल्या टेबलाला जातो. काउंटरवरची तिसरी इकडचं तिकडे करते. त्यात सहायक व्यवस्थापकाची एक जागा निघणार आहे आणि 'या वेळी लेडीज स्टाफमधून कोणीतरी' असं कानावर आलंय. मॅनेजरसाहेब म्हणतात, 'तुम्हा बायकांचं तुम्ही बघून घ्या.' बाईचं बाईशी पटत नाही, हेच खरं का? बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय. मुलगी दहावीला आहे, घरीही डोकं शांत नसतं."

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मी त्या सकाळच्या प्रसंगापाशी थांबले. लोखंडी दारासमोर दोघी शेजारी शेजारी उभ्या आहात, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. तुमची किल्ली फिरते, तिची फिरते, दार उघडतं आणि एक शब्दही न बोलता दोघी परत फिरता. हे रोज होतंय. दिवसाची सुरुवातच अशी होत असेल तर संध्याकाळपर्यंत माणूस किती थकत असेल, याची मला कल्पना येते.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बोलू. 'बाईचं बाईशी पटत नाही' हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय, मीही ऐकलंय. पण तुमच्याच शाखेतले दोन पुरुष अधिकारी गेल्या पाच वर्षांत कधी ना कधी भांडले असतीलच. तेव्हा 'पुरुषांचं पुरुषांशी पटत नाही' असं कोणी म्हणालं का? अमक्याचं तमक्याशी बिनसलं, एवढंच म्हणाले असतील. त्यांचं भांडण दोन माणसांचं राहिलं, तुमचं मात्र सगळ्या बाईजातीवर गेलं. मॅनेजरसाहेबांच्या 'तुम्हा बायकांचं' या शब्दांतही तेच आहे. कामाची वाटणी त्यांनी करायची, किल्ल्यांची जबाबदारी शेवटी त्यांची, आणि प्रश्न मात्र बायकांचा झाला. त्यांच्या या वाक्यावर तुम्ही पत्रात अवाक्षर काढलेलं नाही. सगळा राग तिच्यावर आहे. हे मला खटकलं.

आता जरा तुमच्या रोजच्या कामाकडे या. बचत गटाचं कर्ज प्रकरण टेबलावर येतं तेव्हा तुम्ही काय बघता? बैठका नियमित होतात का, बचत नियमित जमा होते का, अंतर्गत कर्ज फिरतंय का, परतफेड वेळेवर आहे का, वह्या लिहिलेल्या आहेत का. पंचसूत्री तुम्हाला पाठ असणार. 'गटातल्या बायकांचं एकमेकींवर प्रेम आहे का?' असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० गटांपासून हा बँक-जोडणीचा प्रयोग सुरू केला. आज राज्यात असं गाव शोधावं लागेल जिथे गट नाही. दहा-बारा बायका, कोणाची कोणाशी भाऊबंदकी, कोणी सून तर कोणी तिची चुलतसासू, आणि तरी गट वर्षानुवर्षं चालतो. चालतो तो वहीवर. कोणी किती भरले, कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता थकला, हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. मनात धरून बसायला फारसं काही उरतच नाही.

लिज्जतचंही बघा. १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या एकमेकींना बहीण म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण बहीण झाली म्हणून तिचे पापड न मोजता घेत नाहीत. सकाळी मळलेलं पीठ घेऊन जायचं, लाटून वाळवून आणायचं, आणलेला माल तपासून घ्यायचा, मजुरी किलोवर. नातं आहे आणि तराजूही आहे. मला वाटतं, तराजू आहे म्हणूनच नातं टिकलं असावं.

तुमच्या दोघींमध्ये नेमकी ही वही नाही, ताई. तिच्या रजेत तुम्ही काम उचललंत, आल्यावर संध्याकाळी उचलताय, ते कुठेही लिहिलेलं नाही आणि तुम्ही तिला बोलूनही दाखवलेलं नाही. किल्लीच्या त्या दोन वेळा सोडल्या तर तिने ते मागितलंय असंही पत्रात कुठे दिसत नाही, ते आपोआप तुमच्याकडे सरकत आलं. बोलून न दाखवलेल्या उपकाराचं व्याज फार चढतं. देणारीच्या हिशेबात ते रोज वाढतं आणि घेणारीला आपण कर्जदार आहोत याचा पत्ताच नसतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझा मुलगा लहान असताना एका कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तीन महिने माझ्या फायली पुढे सरकवल्या. मी त्यांना एकदाही नीट विचारलं नाही की तुम्हाला हे जमतंय का. त्यांना जमतंय, असंच धरून चालले. पुढे त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, तर मीच चारचौघींत म्हणत फिरले की त्यांना माझं बरं बघवत नाही. खरं काय होतं ते मला त्या निवृत्त झाल्यावर समजलं. तेव्हा माफी मागितली, पण मधली नऊ वर्षं गेली ती गेलीच.

आता बारा आठवड्यांचं दुखणं. ते मी अजिबात कमी लेखत नाही. बारा आठवड्यांचं बाळ घरी ठेवून काउंटरवर नोटा मोजत बसणं काय असतं, ते त्या बाईलाच माहीत. त्या वेळचा कायदा १९६१ चा होता आणि त्यात रजाच तेवढी होती. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. म्हणजे तिला जास्त मिळालं ते कोणी लाड केले म्हणून नव्हे, तर तुम्हाला फार कमी मिळत होतं हे देशाने मान्य केलं म्हणून. तुमच्या पिढीने जे सोसलं त्यातूनच हे आलं. मात्र कायद्याने आईला रजा दिली, तरी तिच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसणार हे बँकेने ठरवायचं होतं. तुमच्या बँकेने बदली माणूस दिला नाही. सहा महिने ती खुर्ची तुमच्या संध्याकाळी भरून काढत होत्या. हे कोणाकडे मागायचं? तिच्याकडे तर नक्कीच नाही. मुख्य कार्यालयाकडे मागायचं, आणि आकडा घेऊन मागायचं. उद्यापासून एका साध्या वहीत लिहा: तारीख, तिचं कोणतं काम मी केलं, किती वाजता निघाले. महिनाभराची ती दोन पानं मॅनेजरसाहेबांपुढे ठेवलीत की 'तुम्हा बायकांचं' हे वाक्य पुन्हा म्हणणं त्यांना अवघड जाईल.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद करा. तिची किल्ली हातात घेऊ नका. त्या दोन संध्याकाळी दोन्ही किल्ल्या एकट्या तुमच्या हातात होत्या. रोकड आणि गावाचं तारण सोनं एका माणसाच्या ताब्यात राहू नये म्हणूनच तर दोन किल्ल्या असतात. दुसऱ्या दिवशी सोन्याचं एक पाकीट कमी भरलं असतं तर? तुम्ही दोघीही अडकला असतात आणि पहिला प्रश्न तुम्हाला आला असता. याला मदत म्हणत नाहीत. तिला लवकर निघायचं असेल तर किल्ली तिसऱ्या अधिकाऱ्याकडे रीतसर द्यायची, रजिस्टरमध्ये नोंद, दोन सह्या. पासवर्डचंही तेच, कितीही जवळची असली तरी. एकमेकींना सांभाळून घेण्याच्या नावाखाली एकमेकींच्या चुका झाकायला लागलो की त्या दोस्तीची किंमत शेवटी नोकरीने मोजावी लागते. हे तिला सांगताना तक्रारीचा सूर नको. 'तुझं आणि माझं दोघींचं नाव त्या रजिस्टरवर आहे' एवढं पुरे.

योजनेच्या बाबतीत तुम्ही 'चोरी' हा शब्द वापरलेला नाही, पण वाक्यावाक्यात तो आहे. मला तिचं एकच वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं, तुम्हीच ते जसंच्या तसं दिलंय. 'आम्ही असं ठरवलंय.' मी ठरवलंय, असं ती म्हणाली नाही. मराठीत 'आम्ही'मध्ये समोरचा नसतो. म्हणजे त्यात प्रादेशिक व्यवस्थापक नक्कीच नव्हते. मग कोण होतं? ती आणि शाखा? की ती आणि तुम्ही? मला माहीत नाही, आणि ताई, तुम्हालाही माहीत नाही. कदाचित तिने खरोखरच तुमचं नाव गिळलं असेल. कदाचित साहेबांसमोर घाईघाईत दोघींच्या वतीने बोलली असेल आणि तुम्ही गप्प का झालात याचा तिला आजही उलगडा होत नसेल. महिनाभर न विचारता तुम्ही पहिला अर्थ धरून बसलात. विचारून तरी बघा.

अशा प्रसंगासाठी एक चांगली रीत आहे. ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा सुरुवातीला व्हाइट हाउसच्या वरच्या सल्लागारांत बायका कमी होत्या आणि बैठकीत त्यांचं बोलणं विरून जायचं. मग त्यांनी आपसात ठरवलं: एकीने मुद्दा मांडला की दुसरीने तो पुन्हा मांडायचा आणि मांडताना पहिलीचं नाव घ्यायचं. तो मुद्दा मग कोणाला आपल्या नावावर खपवता येईना. २०१६ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रात आली. आपल्याकडे त्यासाठी काही वेगळं शिकायला नको. 'मघाशी मॅडम म्हणाल्या तेच पुढे नेते' किंवा 'ही कल्पना ताईंची, आकडे मी काढलेत' एवढंच. त्यात एक अट मात्र आहे: सुरुवात तुम्हाला करावी लागेल. तुम्ही मोठ्या आहात. पुढच्या बैठकीत तिने केलेल्या एखाद्या खऱ्या कामाचा तिच्या नावानिशी उल्लेख करा. तोंडदेखलं कौतुक नको, ते लगेच कळतं.

बोलायचं कसं आणि कधी, हे बहुतेक वाचक विचारतात, म्हणून थोडं तपशीलाने सांगते. व्हॉट्सॲपवर नको, काउंटरच्या मागे नको, आणि जेवणाच्या टेबलावर तिसरीच्या कानाशी तर मुळीच नको. पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी, गर्दी ओसरल्यावर, तिला आदल्या दिवशी सांगून. घरी बाळाची सोय करायला तिला वेळ मिळेल. आणि अर्धाच तास. सुरुवात साधारण अशी होऊ शकेल: "अगं, गेला महिनाभर मी तुझ्याशी तुटक वागतेय. साहेबांसमोर माझं नाव आलं नाही ते मला लागलं. तुला तसं म्हणायचं होतं का, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय." मग थांबा. उत्तर येऊ द्या, मधे तोडू नका. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द त्या अर्ध्या तासात तोंडातून काढू नका. ते कितीही खरं असलं तरी तिला त्यात फक्त टोमणा ऐकू येईल.

त्यानंतर संध्याकाळचं बोला. साडेपाचला निघणं तिची गरज असेल तर ती लपवायची गोष्ट नाही. कायद्यातही मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोन वेळा दूध पाजायला सुट्टी द्यायची तरतूद आहे. तिला ते माहीत आहे का, विचारा. पण संध्याकाळी जे जातं ते सकाळी परत येऊ शकतं. ती सव्वानऊला येऊन आदल्या दिवशीची व्हाउचर तपासू शकते, सोनेतारणाच्या मुदत संपलेल्या खात्यांचे फोन करू शकते, गटांच्या वह्या बघू शकते. डे-एंड तुमच्याकडे राहील, पण त्याबदल्यात तुमच्या टेबलावरचं काहीतरी तिच्याकडे जाईल. आणि तुमचीही गरज मांडा, ताई. मुलगी दहावीला आहे. परीक्षा आणि मार्च एन्ड बरोबर एकमेकांच्या डोक्यावर येणार. त्या दिवसांत दोन-तीन संध्याकाळी तुम्हाला घरी लवकर जायला हवं असेल. हे तुम्ही तिला सांगितलंय का? मोठ्या माणसाने गरज सांगायची नसते असं आपण धरून चालतो आणि मग कोणी विचारलं नाही म्हणून आतल्या आत कुढतो. मार्चच्या त्या तीन संध्याकाळी ती थांबेल, घरी बाळाला सासूबाई किंवा नवरा बघेल. हे आत्ताच ठरवा. ठरलेलं एका पानावर लिहा, दोघींनी मॅनेजरसाहेबांना द्या, तीन महिन्यांसाठी. बसत नसेल तर बदला.

तिसरीबद्दल फार लिहीत नाही. 'ती तुमच्याबद्दल असं म्हणत होती' असं ती सांगायला आली की शांतपणे म्हणा, "हो का, चल, तिलाच विचारू." दोनदा असं झालं की ती येणं थांबेल. तिचा राग धरू नका. शाखेत तिला विचारतं कोण? बातमी आणली की निदान दोन मिनिटं तरी कोणी ऐकून घेतं.

एक विषय तुम्ही काढलेला नाही, पण मी काढते, कारण असं पत्र मला इतरजणींकडूनही येतं. शाखेतलं हळदीकुंकू, आठ मार्चचा कार्यक्रम, रांगोळी, निरोप समारंभाची भेटवस्तू, ऑडिटरसाहेबांचं जेवण हे कोण बघतं? चौघीच ना? अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता, २०१७ मध्ये तो छापून आला. तिघांच्या गटात एकाने असं काम करायचं की ज्यात फायदा इतरांना जास्त आणि करणाऱ्याला कमी. स्त्री-पुरुष एकत्र असताना बायका पुरुषांपेक्षा जवळपास निम्म्याने जास्त वेळा पुढे झाल्या. नुसत्या पुरुषांचे गट केले तेव्हा मात्र पुरुषही बायकांइतकेच पुढे आले. म्हणजे पुरुषांना ते काम जमत नाही असं नाही, आजूबाजूला बाई असली की ते वाट बघतात. चौघींनी मिळून एवढं एक ठरवलंत, की अशा कामांची यादी लावायची आणि अकराजणांची पाळी लावायची, तरी दर महिन्याचे कितीतरी तास तुमचे तुम्हाला परत मिळतील. आणि भांडणाव्यतिरिक्त चौघींनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट असेल.

राहिली ती जागा. 'लेडीज स्टाफमधून कोणीतरी' हे तुम्ही ऐकलंय. कोणाकडून? परिपत्रक बघितलंत का? तसं परिपत्रक नसेल तर अकरापैकी पात्र असलेल्या सगळ्यांशी तुमची स्पर्धा आहे, आणि तुम्ही मात्र एकटीलाच प्रतिस्पर्धी धरून बसला आहात. एकाच खुर्चीकडे दोघींना बघायला लावलं की दोघी एकमेकींकडे वाईट नजरेने बघायला लागतात, आणि मग लोक म्हणतात बघा, बायकाच बायकांच्या शत्रू. निकष लेखी मागा: सेवेची वर्षं, परीक्षा, गोपनीय अहवाल, काय ते. आणि शक्य असेल तर त्याच शनिवारी तिला सांगून टाका, "मी अर्ज करणार आहे. तूही कर." दोघींनी अर्ज करून एकीला मिळणं हा अन्याय नाही. वाईट वाटेल, ते वाटू द्या.

एवढं करूनही तिने जबाबदारी टाळली, नाव गाळलं, किल्ली पुन्हा टेबलावर ठेवली, तर मग लेखी तक्रार करा आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटू देऊ नका. बाईने बाईची तक्रार करू नये असा काही नियम नाही. तक्रारीत प्रसंग आणि तारखा असू द्या, स्वभाव नको.

बदलीचं म्हणाल तर घराजवळची शाखा मिळत असेल, मुलीला अकरावीसाठी दुसऱ्या गावी ठेवायचं असेल, तर अवश्य घ्या. केवळ हिच्यापासून सुटका म्हणून घेत असाल तर नव्या शाखेतही स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतील आणि दुसरी कोणाच्या तरी हातात असेलच. लिहिलेला अर्ज फाडू नका, ड्रॉवरमध्ये राहू द्या. आधी तो शनिवार होऊ द्या, मार्च एन्ड आणि मुलीची परीक्षा होऊ द्या. एप्रिलमध्ये तो अर्ज काढून पुन्हा वाचा आणि काय केलंत ते मला कळवा. मुलीला माझ्याकडून परीक्षेसाठी शुभेच्छा सांगा.